खालच्या पट्टीचा कॉक

धडगाव,
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

ती. भाऊजी,

फोन केला की तुम्ही "हं, हं, बरं" म्हणता आणि ठेवून देता. शिवाय आमच्या दोन खोल्यांत बोललेलं सगळं ह्यांच्या कानावर जातं. म्हणून लिहिते आहे. पत्र भटूच्या जीपने पाठवते. तो म्हसावदला तुमच्या दुकानासमोरच गाडी लावतो.

सरळच सांगते. मला छातीत डाव्या बाजूला गाठ निघाली. ह्यांनी नाशिकला नेलं, सुई घालून तुकडा काढला आणि शुक्रवारी रिपोर्ट आला. शीलाताईला होता तोच आजार. गाठ लहान आहे, काखेत काही नाही, लवकर सापडलं म्हणतात. २४ फेब्रुवारीला ऑपरेशनची तारीख दिली आहे, मग केमो.

मी जाणार नाही असं मनाशी ठरवलं आहे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर शाळेतली मुलं सोडून माझ्याच मागे लागतील.

ताईचे ते चार महिने मी पाहिले आहेत भाऊजी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मागच्या वर्षी संक्रांतीला मी तुमच्याकडे आले तेव्हा तिने चुलीपुढे बसून खापरावर मांडे टाकले होते. तोंडावर तजेला होता. "देख, मी बरी व्हई गऊ," म्हणाली. तुम्ही तिला ते प्राणवायूचे थेंब देत होता. पण केमोही चालूच होता आणि जूनमध्ये ती गेली. दशक्रियेला सगळ्यांसमोर तुम्हीच म्हणालात, "केमोने नेली." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

केळीचंही तुम्हीच समजावलं होतं. पाणी साचलं की मुळं गुदमरतात, बाग पिवळी पडते. मुळाशी हवा पोचली, पाणी ओसरून जमीन वाफशावर आली की झाड आपोआप उठतं. माणसाचंही तसंच, गाठीला हवा सोसत नाही. एवढं सोपं आहे म्हणूनच कंपन्यांनी दाबून ठेवलं आहे, असंही म्हणाला होतात.

उरलेल्या बाटल्या असतील तर दोन पाठवा. किती थेंब, कशात, केव्हा, ते कागदावर लिहा. आईला यातलं काही सांगू नका. तिचं काळीज आता एवढंसं राहिलं आहे.

तुमची,
मोहिनी


म्हसावद,
७ फेब्रुवारी

चि. मोहिनी,

पत्र मिळालं. वाचून वाईट वाटलं.

बाटल्या संपल्या आहेत. तो पाठवणारा माणूस आता फोन उचलत नाही. केळीचं वेगळं, माणसाचं वेगळं. तू २४ ला जा. गोपालरावांचं ऐक. लहान गाठ आहे, उशीर करू नये.

आईंना काही बोललो नाही. बागेची कापणी चालू आहे.

हेमकांत


धडगाव,
११ फेब्रुवारी

ती. भाऊजी,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. चार वेळा वाचायला एवढंसंच होतं.

केळीचं वेगळं आणि माणसाचं वेगळं, हे केव्हापासून? सव्वा वर्षापूर्वी तुम्ही आमच्या ओट्यावर बसून चहा थंड होईपर्यंत मुळांच्या गोष्टी सांगत होता. एरवी तोंडातून शब्द निघत नाही, पण त्या दिवशी ह्यांना बोलूच देत नव्हता. आता माझी वेळ आली तर बाटल्या संपल्या. बायकोसाठी धावलात, मेहुणी परकी झाली का?

संपल्या तर संपल्या. ताईच्या बाटलीवर बारीक अक्षरात औषधाचं नाव होतं, ते मी तेव्हाच पाहिलं होतं. तुमच्या दुकानात ठिबकच्या नळ्या साफ करायचे जे कॅन असतात, त्यांच्यावरही तेच नाव आहे. म्हणजे औषध तेच, कॅनमधलं फक्त कडक. शहाद्याहून मी एक कॅन मागवला आहे. कपाटात साड्यांच्या मागे ठेवला आहे. प्रमाण तुम्ही सांगा. नाही सांगितलं तर मोबाइलवर थेंबवाल्यांचा ग्रुप आहे त्यावर विचारीन, तिथे सांगणारे पुष्कळ आहेत.

ह्यांना सांगून टाकलं की नाशिकला जाणार नाही. तीन दिवस आमच्याकडे भांड्यांशिवाय कोणी बोलत नाही.

मी चांगली आहे. ऑफिसला जाते. काठी गावच्या मोठ्या होळीला पंचायत समितीकडून पाण्याच्या टँकरची ड्युटी माझ्याकडे आली आहे. दिवसभर फोन करते, याद्या करते. आजारी माणूस एवढं करील का? मला काही होत नाही, काही दुखत नाही. मग मीच चालत जाऊन तिथे झोपू आणि ताईसारखी होऊन येऊ, असं का?

भटू परवा खाली उतरेल. त्याच्याकडे उत्तर द्या.

मोहिनी


म्हसावद,
१२ फेब्रुवारी

मोहिनी,

भटू आजच आला, पाकीट हातात दिलं. त्याला जीपजवळ थांबवून दुकानाच्या काउंटरवर उभ्यानेच लिहितो आहे.

कॅन उघडू नकोस. तोंडाला लावू नकोस, पाण्यात घालूनसुद्धा नाही. त्याला प्रमाण नाही. त्याने तोंड, घसा, पोट आतून भाजतं. माझ्या मनगटावर एकदा थेंब उडाला तर कातडी पांढरी पडली होती.

दुसरं. शीलाला केमोने नेलं नाही. तिसऱ्या केमोनंतर तिला एकही केमो दिलेला नाही. जून महिन्यापर्यंत एकही नाही. मी खोटं बोललो.

भटू हॉर्न वाजवतो आहे. बाकीचं लिहितो. कॅन उघडू नकोस.

हेमकांत


म्हसावद,
१८ फेब्रुवारी

चि. मोहिनी,

सहा दिवस झाले, उत्तर नाही. भटूला विचारलं तर म्हणाला, "पाकीट दिलं, त्यांनी घेतलं, बोलल्या काहीच नाही." फोन तू उचलत नाहीस. गोपालरावांना केला तर ते म्हणाले, "तुमच्या दोघांत काय चाललंय ते मला कोणी सांगत नाही." त्यांना कॅनचं सांगावं का, हे मला ठरवता येईना. तुझ्या कपाटातली गोष्ट मी सांगितली तर तू माझं पुढचं पत्र फोडणारच नाहीस असं वाटलं. हे चूकही असेल. दुकानात बसवत नाही, बागेत गेलो तर तिथून परत दुकानात येतो.

सगळं लिहितो. मला नीट मांडता येणार नाही.

शीलाला सहा केमो आणि मग ऑपरेशन असं ठरलं होतं. तीन झाले. ऑक्टोबरच्या शेवटी गाठीचा फोटो काढला. त्याच सुमारास बागेचं झालं होतं. सप्टेंबरच्या पावसाने पाणी साचलं, पानं पिवळी पडली, मुळांना हवा मिळावी म्हणून मी ठिबकमधून कॅनमधलं ते औषध सोडलं आणि पंधरा दिवसांत बाग उठली. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग त्या जर्मन शास्त्रज्ञाचा व्हिडिओ पाहिला. कॅन्सरच्या पेशी हवेशिवाय जगतात, त्याला नोबेल मिळालं, औषधकंपन्यांनी पुढचं दाबून टाकलं. मला वाटलं, हे तर माझ्या बागेतलंच आहे. चौथ्या केमोची तारीख आली तेव्हा आम्ही नाशिकला गेलोच नाही. तुम्हा सगळ्यांना सांगितलं की गेलो होतो. त्यानंतरच्या प्रत्येक तारखेला आम्ही सकाळी घराला कुलूप लावून बागेतल्या खोलीवर जाऊन बसायचो आणि संध्याकाळी परत यायचो. ती तिथे शेंगा फोडत बसायची.

मागच्या शनिवारी फाइल घेऊन नाशिकला गेलो. ऑक्टोबरच्या त्या फोटोनंतर पहिल्यांदा. डॉक्टरांनी मला ओळखलं. रागावतील असं धरून गेलो होतो, ते रागावले नाहीत. त्यांनी ऑक्टोबरचा फोटो काचेवर लावून दाखवला. गाठ निम्म्याहून लहान झाली होती. तोवर एकही थेंब सुरू झालेला नव्हता. ते चार महिने, ते मांडे, तो तजेला, ते तीन केमोंनी दिलेलं होतं, शिवाय पुढचे केमो नसल्यामुळे अंगाला आराम मिळाला होता. मी ते थेंबांच्या नावावर लावलं.

मी त्यांना हवेचं विचारलं. त्यांनी विचारलं, "कोविडमधलं बोटाला लावायचं यंत्र घरी आहे का? बाईंना लावत होता का?" लावत होतो. मी रोज लावायचो, वहीत लिहायचो. ९८, ९७, ९८. मोहिनी, गाठ फुटून वाहायला लागली त्या आठवड्यातही ९७ होता. ते म्हणाले, "रक्तात आधीच भरपूर आहे. पोटात थेंब टाकून आणखी कुठे भरणार? आणि गाठीला हवा सोसत नसती, तर भरल्या रक्तात वाढली कशी?" त्या शास्त्रज्ञाने पाहिलं ते खरं आहे म्हणे, त्या पेशी साखर वेगळ्या रीतीने जाळतात. पण हवा दिली की त्या मरतात, हे त्यातून निघत नाही. दाबून ठेवल्याचं विचारलं तेव्हा त्यांनी मला वॉर्डात नेलं. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी भिंतीतून प्राणवायूची नळी आलेली. "लपवायचं असतं तर इतक्या नळ्या कशाला बसवल्या असत्या?" म्हणाले.

परत आल्यावर बागेतच गेलो. तिथे निदान माझं काही खरं असेल असं वाटलं. जान्याभाऊ घड कापत होता. आपला सालदार, तुला माहीत आहे. बारा वर्षं आपल्याकडे आहे, विचारल्याशिवाय बोलत नाही. त्याला म्हटलं, त्या पावसात ते औषध सोडलं नसतं तर बाग गेली असती ना.

त्याने कोयता खाली ठेवला. म्हणाला, "भाऊ, खालनी पट्टीले तं औषध गयंच नई. तठला कॉक बंद व्हता."

मी म्हटलं, खालच्या सहा ओळी? त्या तर सगळ्यांत आधी उठल्या.

"हां. मी चर खोदा ना तठे. पानी निंघी गयं, झाडं उभी ऱ्हायनीत."

"मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कितला खूश व्हतात."

चर खोदला, पाणी निघालं, वाफसा आला. औषध गेलं त्या ओळीही उठल्या आणि न गेलेल्याही उठल्या. मी फक्त गेलेल्या ओळी पाहिल्या. त्या पट्टीचं पाणी सोडायचा कॉक जाऊन पाहिला. पाण्याचा क्षार साचून तो आता फिरतसुद्धा नाही. त्या सहा ओळींकडे मी तेव्हा एकदा नीट पाहिलं असतं तर, असं मनात येतं. दिवसातून कितीदा येतं ते लिहीत नाही.

दशक्रियेला तुझ्या आईने विचारलं होतं, "दवा तं चालू व्हती ना?" माणसं बसली होती. माझ्या तोंडून निघालं, केमोने नेली. सगळ्यांनी मान हलवली. कोणी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं. कदाचित नसतंही.

शीलाची फाइल या पाकिटात ठेवली आहे. ऑक्टोबरचा रिपोर्ट सगळ्यात वर आहे. माझी आकड्यांची वहीही ठेवली आहे. हा सगळा दोष माझा आहे, दुसऱ्या कोणाचा नाही. तू २४ ला जा.

हेमकांत


म्हसावद,
२५ फेब्रुवारी

मोहिनी,

काल २४ होती. सकाळपासून स्टँडवर उभा होतो. तुमच्याकडून आलेल्या पाचही जीप पाहिल्या. तू नव्हतीस, गोपालराव नव्हते. भटू म्हणाला, "मॅडम काठीले टँकर देखाले गयात."

शिव्या दे, पण लिही. एक ओळ लिही. कॅन उघडलास का एवढंच लिही.

शुक्रवारपर्यंत काही आलं नाही तर मी वर येतो. तू दार उघडलं नाहीस तर ओट्यावर बसेन.

हेमकांत


धडगाव,
शुक्रवार, २८ फेब्रुवारी

ती. भाऊजी,

ओट्यावर बसायला येऊ नका. मी लिहिते आहे.

तुमचं बारा तारखेचं पत्र आलं तेव्हा मला इतका राग आला की पंधराला मी कॅन उघडलाच. हे शाळेत होते. ग्लासात पाणी घेतलं होतं. टोपण फिरवताना बोटावर थेंब आला. बघता बघता बोटाचं टोक मेलेल्या माणसासारखं पांढरं झालं आणि चुणचुणायला लागलं. मी ग्लास तसाच ठेवून पलंगावर बसून राहिले. ताईने असं काहीतरी पातळ करून सात महिने प्यायलं, हे मला त्या दिवशी कळलं. ती कधी बोलली नाही. पोटात आग पडते म्हणून ताक मागायची, ते आम्ही पथ्य समजत होतो.

कॅन भटूबरोबर परत पाठवते आहे. घट्ट बंद आहे.

नंतर तुमची फाइल आली. वही आली. ९८, ९७, ९८. तुमचं अक्षर शेवटपर्यंत एकसारखं आहे भाऊजी, एकही आकडा हलला नाही. मी आमच्या आरोग्य केंद्रात जाऊन बोट लावून आले. ९९. नर्स म्हणाली, "मॅडम, एकदम मस्त!" मला हसू आलं आणि मग आवरेना.

तरी २४ ला मी गेले नाही. का, ते सांगते.

तुम्ही सगळं लिहिलंत. कुलूप लिहिलंत, शेंगा लिहिल्यात, जान्याभाऊ लिहिला. एक गोष्ट सोडलीत. "मग त्या जर्मन शास्त्रज्ञाचा व्हिडिओ पाहिला," असं लिहिलंत. कुठून आला ते लिहिलं नाहीत.

मी पाठवला होता. २८ ऑक्टोबर, दुपारी. ऑफिसात बसून, नीट न बघता, अर्धाच बघून. खाली लिहिलं होतं, "भाऊजी नक्की बघा, ताईसाठी." माझ्या फोनमध्ये अजून आहे. तुमच्याकडून नुसता अंगठा आला होता.

थेंब खरे असले तर मी ताईचे चार महिने वाढवले. थेंब खोटे असले तर मी काय केलं? मला ते थेंब खरे हवे होते. त्यासाठी मी ते प्यायलासुद्धा तयार होते. व्हिडिओ मी पाठवला हे तुम्हाला ठाऊक होतं. आठ महिने ठाऊक होतं. दशक्रियेला आईसमोर माझं नाव घेता आलं असतं, तुम्ही केमोचं घेतलंत. "दुसऱ्या कोणाचा नाही" असं लिहिलंत. तुम्ही मला सांभाळून घेतलंत आणि मी त्याच्याच भरवशावर मरायला निघाले होते. पुन्हा असं सांभाळू नका.

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी उठून नाशिकला फोन लावला. चार मार्चला भरती, पाचला ऑपरेशन. टँकरच्या याद्या ऑफिसातल्या नूतनला दिल्या. ती म्हणाली, "होळी तुझ्याशिवाय पेटेल गं, तू जा."

ऑपरेशनला हे असतील. केमोला तुम्ही यायचं. प्रत्येक केमोला.

कारण सांगते. तुम्ही आणखीही एक गोष्ट लिहिली नाहीत. तिसऱ्या केमोनंतर ताईने मला फोन केला होता. "आते बस, मोहिनी. मन्हाघाई व्हत नई. मी यास्ले सांगी टाकं." म्हणजे माझ्याने होत नाही, बस, असं तीच तुम्हाला म्हणाली होती आणि तुम्ही हो म्हणालात. तेही तुम्ही स्वतःवर घेतलंत. मीसुद्धा म्हणेन. केस जातील, तोंडाला चव राहणार नाही, चौथ्या-पाचव्याला मी नक्की म्हणेन, आता पुरे, घरी चला. हे हळवे आहेत. मी रडले की हे लगेच "राहू दे" म्हणतील. हो म्हटल्यावर काय होतं ते आपल्यात फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

तेव्हा तुम्ही शेजारी बसायचं आणि हो म्हणायचं नाही. बाकी काही बोलायची गरज नाही. तसंही तुम्ही कुठे बोलता.

मोहिनी


म्हसावद,
१ मार्च

चि. मोहिनी,

पत्र आणि कॅन मिळाला.

व्हिडिओचं तू मनातून काढून टाक. तू एकदा पाठवलास, मी तो वीस वेळा पाहिला.

शीलाचं तू लिहिलंस ते बरोबर आहे. ती बस म्हणाली होती. त्यात एक राहिलं आहे, ते कोणाला सांगितलं नव्हतं. ती बस म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं. तिला ओकताना पाहवत नव्हतं. थेंब, बाग, नोबेल हे सगळं त्यानंतरचं. मला हो म्हणायचं होतं आणि त्यासाठी कारण हवं होतं. ते मिळालं.

काल तुझ्या आईंकडे गेलो होतो. दशक्रियेला बोललो ते खोटं होतं, एवढं सांगितलं. तुझ्या आजाराचं सांगितलं नाही, ते तू सांग. त्या उठल्या, पदर खोचला. मग म्हणाल्या, "चहा ठेवू का?" मी हो म्हटलं.

जान्याभाऊला पक्कड देऊन खालच्या पट्टीचा कॉक काढून आणायला सांगितला. दुकानात काउंटरवर ठेवला आहे. ते औषध मागायला गिऱ्हाईक आलं की आधी तो दाखवतो आणि नळ्या धुण्यापलीकडे याचा उपयोग नाही असं सांगतो. दोघे हसले, एक भांडला.

केमोच्या तारखा ठरल्या की कळव. आदल्या दिवशी तू खाली येशील, इथून पुढे मी बरोबर. दर वेळी तुझ्याशेजारची जागा माझ्यासाठी धरायला भटूला सांगून ठेवलं आहे.

तू बस म्हणशील तेव्हा मी उठून बाहेर जाईन, पाणी घेईन आणि परत येऊन त्याच खुर्चीत बसेन. हो म्हणणार नाही.

हेमकांत